कीबोर्डवाल्याला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

भावगीतं, जुनी मराठी-हिंदी चित्रपटगीतं, अभंग, गणपती-नवरात्रातले कार्यक्रम, अधूनमधून एखाद्या नाटकाचं पार्श्वसंगीत, असं माझं काम. मध्यंतरात चहा घेताना लोक जे विचारतात, शिकायला येणाऱ्या मुलांचे पालक जे विचारतात आणि रात्री साडेअकराला मेसेजवर जे येतं, ते सगळं इथे एकत्र केलं आहे. क्रम लावलेला नाही.

मुलगी आठ वर्षांची आहे. कोणता कॅसिओ घेऊ?

कॅसिओच हवा असं नाही. यामाहा, रोलँड, कोर्ग, काहीही चालेल. खोक्यावर छापलेला टोनचा आकडा मात्र वाचू नका. सहाशे टोनपैकी ती पहिल्या वर्षी पियानो, ऑर्गन आणि कुत्र्याचं भुंकणं एवढेच वाजवणार आहे. कीज पूर्ण आकाराच्या हव्यात, निदान ६१ हव्यात, आणि जोरात दाबल्यावर मोठा, हलकेच दाबल्यावर बारीक आवाज यायला हवा. ही शेवटची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. टच नसलेल्या कीबोर्डवर शिकलेल्या मुलांची बोटं पुढे कितीतरी दिवस एकाच वजनाने पडत राहतात. मागे सस्टेन पेडल (की सोडल्यावरही सूर लांबवणारं) लावायची सोय असावी. दिवे लावून गाणं शिकवणाऱ्या कीज नकोत. मूल दिवे बघतं आणि कान बंद करतं.

स्टँड त्याच दिवशी घ्या. पलंगावर कीबोर्ड आणि समोर मांडी घालून बसलेलं मूल हे घरोघरी दिसतं. त्यात मनगट वर मुडपलं जातं आणि ती सवय सोडवताना शिक्षकाचा घाम निघतो. बसल्यावर कोपर कीजच्या उंचीला आलं की झालं.

सिंथेसायझर, अरेंजर, वर्कस्टेशन, डिजिटल पियानो: यात फरक काय?

डिजिटल पियानोत वजनदार कीज आणि मोजके आवाज. अरेंजरमध्ये डाव्या हाताने कॉर्ड धरली की ठेका, बेस, गिटार सगळं आपोआप मागे वाजतं. एकट्याने कार्यक्रम करणाऱ्याचा तो आधार. सिंथेसायझरवर आवाज मुळापासून घडवता येतो. वर्कस्टेशनमध्ये आवाज आहेत, ते घडवायची सोय आहे, वर आख्खं गाणं आतच ध्वनिमुद्रित करायची सोय. आता सीमारेषा पुसट झाल्या आहेत. स्टेजवर बसणाऱ्या बहुतेकांना एक चांगला अरेंजर पुरतो, आणि हे ऐकून सिंथेसायझरवाले नाराज होतात.

तुम्ही स्वतः काय वापरता?

खाली ७६ कीजचा सिंथेसायझर, वर ६१ कीजचा अरेंजर. एक सस्टेन पेडल, एक व्हॉल्यूम पेडल. मॉडेल सांगत नाही, कारण सांगितलं की पुढचा प्रश्न किमतीचा येतो आणि मूळ गोष्ट बाजूला राहते.

निवडताना मी आवाजाइतकंच वजन बघितलं. यामाहाचा माँटेज-८ हा २९ किलोचा आहे; त्याच घराण्यातला एमओडीएक्स-८ साधारण १४ किलोचा. दुकानात हा फरक जाणवत नाही. नाट्यगृहाच्या मागच्या जिन्यावर, रात्री बाराला, मदतनीस आधीच टेम्पोत जाऊन झोपलेला असताना जाणवतो.

८८ कीज हव्यातच का?

पाश्चात्त्य पियानो शिकायचा असेल तर हो, आणि त्याही वजनदार. आपल्या गाण्यांना साथ करायची असेल तर नाही. हार्मोनियम साडेतीन सप्तकांत आयुष्य काढते.

मी बासरीचा टोन लावतो, व्हायोलिनचा लावतो, पण ते खरं का वाटत नाही? टोन कमी दर्जाचे आहेत का?

हा प्रश्न मला सगळ्यांत आवडतो, कारण कीबोर्डवाल्याचं सगळं काम यात आहे. आपल्याकडच्या स्टेजवर कीबोर्डवाला म्हणजे न आलेल्या दहा वादकांचा बदली माणूस. मूळ गाण्यात व्हायोलिनचा ताफा असतो, सतार असते, ॲकॉर्डियन असतं, शहनाई असते. स्टेजवर तबला, ढोलकी, ऑक्टोपॅड (काठ्यांनी वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य), एखादी गिटार आणि तुम्ही. मग प्रत्येक पीसला (गाण्यातल्या वाद्यांच्या तुकड्याला) विचारायचं: हे मूळ कोण वाजवत होतं, आणि तो माणूस हे कसं वाजवेल?

बासरीवाला श्वास घेतो. म्हणून बासरीची ओळ मध्ये तुटली पाहिजे, आणि ती कुठे तुटते हे मूळ ध्वनिमुद्रण ऐकून कळतं. त्याच्याकडे एका वेळी एकच सूर असतो, म्हणून बासरीच्या टोनवर दोन बोटं एकदम पडली की खेळ संपला. टोन मोनो करून ठेवा. सूर धरल्यावर कंप लगेच येत नाही, थोड्या वेळाने येतो. मॉड्युलेशनचं चाक सुरुवातीपासून फिरवून ठेवलं की बासरीची शिट्टी होते.

व्हायोलिनला गज असतो. एका गजात जेवढं मावतं तेवढंच एका दमात. ताफ्याचा आवाज एकदम उगवत नाही, फुगत येतो. त्यासाठी व्हॉल्यूम पेडल. उजवा पाय सस्टेनवर आणि डावा व्हॉल्यूमवर, याचा रियाज बोटांच्या रियाजाइतकाच करावा लागतो. शिवाय व्हायोलिनची सर्वांत खालची तार मध्य सप्तकातल्या पांढरी एकच्या खालच्या पांढरी पाचला मिळवतात (पांढऱ्या आणि काळ्या कीज सी-पासून वेगवेगळ्या मोजतात: पांढरी एक म्हणजे सी, पांढरी पाच म्हणजे जी). त्याखाली व्हायोलिन नाहीच. तिथून खाली उतरलात तर व्हायोला किंवा चेलो वाजवत आहात, मग चाल तशी जड करा. स्ट्रिंग्जच्या टोनवर डाव्या हाताने खालच्या सप्तकात तिपदरी कॉर्ड दाबून धरणं हा आपल्याकडचा सार्वत्रिक रोग आहे. त्याने सगळा मंच चिखल होतो आणि साऊंडवाला बिचारा फेडर (मिक्सरवरची आवाजाची पट्टी) खाली ओढत बसतो.

मेंडोलिनचा सूर लांबत नाही, म्हणून मेंडोलिनवाला तो थरथरवत ठेवतो. ती थरथर दोन बोटांनी एकाच कीवर आलटूनपालटून काढायची. ॲकॉर्डियनचा भाता उघडतो आणि मिटतो, तिथे जीव पेडलमध्ये आहे. आपल्या पुण्याच्या एनॉक डॅनियल्स यांचं ॲकॉर्डियन ऐका आणि भात्याकडे लक्ष द्या. दोन टाळ्यांच्या मध्ये सूर कसा रिकामा ठेवला आहे ते कळेल. संतूरला सस्टेन पेडल दाबून ठेवू नका. सतारीवर पिच बेंडचं चाक सुराच्या आधी खाली ओढून मग सोडा, म्हणजे सूर खेचून वर आल्यासारखा लागतो.

हे सगळं पाच हजारांच्या जुन्या कीबोर्डवरही होतं. टोन बदलण्याआधी हे करून बघा.

कीबोर्डवर राग वाजवता येतो का? श्रुतींचं काय?

आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती १९७१ मध्ये सैल केली. त्या वेळचे आक्षेप कीबोर्डलाही लागू आहेत: मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) नाही आणि सूर ठोकळ्यासारखे ठरलेले. त्यावर गोविंदराव टेंबे, अप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर यांनी हाताने उत्तर दिलं, वादाने नाही.

कीबोर्डकडे एक सोय जास्त आहे. सगळे बारा सूर सारख्या अंतरावर बसवले की शुद्ध गंधार सा-पासून ४०० सेंटवर येतो (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). तानपुऱ्यातून आपोआप उमटणारा गंधार ३८६ सेंटवर असतो. हा चौदा सेंटचा फरक कळायला तानसेन व्हावं लागत नाही. तानपुरा लावा, कीबोर्डचा गंधार धरून ठेवा, आवाजात लाटा ऐकू येतील. बऱ्याच कीबोर्डमध्ये स्केल ट्यूनिंग असतं. तिथे गंधार चौदा सेंट खाली उतरवा आणि पुन्हा ऐका. धैवत, निषादही याच रीतीने कानाने लावा. पंचमाला हात लावू नका, तो दोनच सेंटने चुकलेला असतो.

फक्त एक ध्यानात ठेवा: हे ट्यूनिंग एका सा-ला बांधलेलं असतं. पुढचं गाणं दुसऱ्या पट्टीत असेल आणि तुम्ही ते पुसायला विसरलात तर कॉर्ड भयानक लागतात. काही मॉडेलांत ट्रान्सपोझ केलं (बटणाने पट्टी सरकवली) की ट्यूनिंगही सोबत सरकतं, काहींत नाही. घरी तपासून ठेवा.

मींडेसाठी पिच बेंड. ते बहुधा दोन अर्ध्या सुरांइतकं, म्हणजे सा ते रे, एवढं ठेवलेलं असतं. मी ते तसंच ठेवतो. जास्त वाढवलं की अंगठा जरा हलला तरी सूर भलतीकडे जातो. राग पूर्ण उलगडून वाजवायचा असेल तर मात्र माझं मत स्पष्ट आहे: सतार शिका, बासरी शिका, गळा शिका. कीबोर्ड साथीला छान, बैठकीला नाही.

ट्रान्सपोझ बटण वापरणं म्हणजे फसवणूक ना?

मग हार्मोनियमवाल्याने स्केलचेंजर (पट्टी सरकवता येणारी पेटी) घेणंही फसवणूकच.

गायिका म्हणते काळी पाच. तालमीत काळी पाचच होती. कार्यक्रमाच्या दिवशी घसा बसलेला असतो आणि पडदा उघडायच्या आधी कानात येऊन सांगतात, "दादा, काळी चार करा ना." तबलजीकडे काळी चारचा तबला असेल तर ठीक. नसेल तर हातोडी सुरू. बासरीवाल्याने बासरी बदलायची. गिटारवाल्याने कॅपो. कीबोर्डवाल्याने फक्त एक बटण दाबायचं, आणि त्याबद्दल बाकीचे तिघे त्याच्याकडे ज्या नजरेने बघतात ती सहन करायची.

पण बटणाचे दोन सापळे आहेत. पहिला: पांढरी एकचे हात ठेवून उणे दोन केलं की ऐकू येते काळी पाच. शेजारचा गिटारवाला विचारतो, "कॉर्ड काय?" बोटांखाली सी असतो म्हणून तुम्ही सी म्हणता, तो सी धरतो, आणि प्रेक्षागृहाच्या कानावर दोन सुरांची मारामारी पडते. म्हणून नाव नेहमी ऐकू येणाऱ्या कॉर्डचं सांगा, किंवा मंचावर पट्टीच्या हिशोबाने बोला: सा-ची कॉर्ड, मध्यमाची कॉर्ड, पंचमाची कॉर्ड. जुनी मंडळी तशीच बोलतात आणि त्यात कधी गोंधळ होत नाही. दुसरा सापळा: गाणं संपल्यावर ट्रान्सपोझ शून्यावर आणायचं राहतं. गाण्यांची यादी लिहिताना प्रत्येक गाण्यापुढे पट्टी आणि बटणाचा आकडा, दोन्ही लिहा.

कार्यक्रमात पेटी, म्हणजे हार्मोनियम, असेल तर अजून एक काम वाढतं. आपल्या पेट्या ४४० हर्ट्झच्या मापाला (कीबोर्ड त्याच मापाला लावलेला असतो) असतातच असं नाही, थोड्या चढ्या असू शकतात. पेटी तर तिथल्या तिथे बदलता येत नाही. म्हणून कीबोर्डचं मास्टर ट्यून कानाने वर न्यायचं. हे साऊंड चेकच्या आधी करा. नंतर कुणी शांत बसू देत नाही.

आणि हो, बारा पट्ट्यांत सा-रे-ग-म हाताला बसवाच. बटण बंद पडतं त्या दिवशी लागतं.

मिडी म्हणजे नक्की काय? त्यातून आवाज जातो का?

आवाज जात नाही, निरोप जातो: कोणती की दाबली, किती जोरात, कधी सोडली. १९८३ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या प्रदर्शनात सिक्वेन्शियल कंपनीचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ एका तारेने जोडून दाखवले. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांची वाद्यं एकमेकांचं ऐकू लागली. सोळा चॅनेल, जोराचे आकडे ० ते १२७. चाळीस वर्षांहून जास्त झाली, तीच पद्धत चालू आहे. त्या वेळचा कीबोर्ड आजच्या लॅपटॉपला जोडला तर चालतो. माझ्या घरातल्या दुसऱ्या कुठल्याही यंत्राबद्दल हे म्हणता येणार नाही.

स्टेजवर लॅपटॉप न्यावा का?

आवाज सुंदर मिळतात, डोक्याला ताप मिळतो. की दाबल्यापासून आवाज येईपर्यंत जो वेळ जातो, त्याचं गणित सोपं आहे. सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने असतील आणि बफर (एका वेळी साठवून पुढे पाठवायचे नमुने) १२८ चा असेल तर सुमारे तीन मिलिसेकंद, २५६ चा असेल तर सहा, १०२४ ला तेवीस. त्यावर ऑडिओ इंटरफेसचा (लॅपटॉपमधला आवाज बाहेर काढणाऱ्या डबीचा) स्वतःचा थोडा वेळ. दहाच्या आत असलं की हाताला कळत नाही. तीन मीटर लांबच्या स्पीकरचा आवाज कानापर्यंत यायलाही साधारण नऊ मिलिसेकंद लागतात, आणि त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही. वीसच्या पुढे गेलं की बोटं चिखलातून काढल्यासारखी वाटतात आणि तुम्ही तबल्याच्या मागे पडता.

न्यायचाच असेल तर तो लॅपटॉप फक्त त्याच कामाला ठेवा. वाय-फाय बंद, अपडेट बंद. यूएसबीची तार खुर्चीच्या पायाखाली येणार नाही अशी बांधा. आणि खालच्या कीबोर्डवर त्याच गाण्याचा साधा टोन लावून तयार ठेवा. मॅकवर मेनस्टेज स्वस्त आणि भरवशाचं आहे. विंडोजवर गिग परफॉर्मर किंवा कँटाबाइल.

घरी ध्वनिमुद्रणासाठी कोणतं सॉफ्टवेअर चांगलं?

जे तुमचा शेजारचा मित्र वापरतो ते. अडलात की रात्री दहाला त्याला फोन करता येतो.

हे थट्टेत नाही म्हणत. क्यूबेस, लॉजिक, एबलटन, एफएल स्टुडिओ, सगळ्यांत गाणं होतं. मी रीपर वापरतो: साठ दिवस वापरून बघता येतं, वैयक्तिक परवाना साठ डॉलरचा, आणि जुन्या कॉम्प्युटरवरही चालतं. ऑडिओ इंटरफेस घेतलात तर सोबत बहुधा कुठल्यातरी सॉफ्टवेअरची छोटी आवृत्ती फुकट मिळते. सुरुवातीला ती पुरे. नोटेशन लिहायला म्यूझस्कोअर फुकट आहे. सिंथेसायझर हवा असेल तर सर्ज आणि व्हायटल फुकट. पियानोसाठी पियानोटेक मला आवडतं, कारण ते ध्वनिमुद्रित नमुने वाजवत नाही, तारेचं गणित मांडून आवाज तयार करतं आणि म्हणून डिस्कवर जागा अगदी कमी घेतं.

क्रॅक केलेलं चालेल का?

नाही. नैतिक कारण तुम्हाला माहीत आहे, म्हणून व्यावहारिक सांगतो: ते ऐन ध्वनिमुद्रणात बंद पडतं आणि सोबत व्हायरस आणतं. वर इतकं फुकट सांगितलं आहे ते याचसाठी.

कीबोर्ड लावला की स्पीकरमधून घूंऽऽ आवाज येतो. कीबोर्ड बिघडलाय का?

बहुधा नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, तो तिचाच सूर आहे. मंद्र सप्तकाच्याही दोन सप्तकं खालच्या पांढरी पाचच्या जवळपासचा. कीबोर्ड एका प्लगवर आणि मिक्सर मांडवाच्या दुसऱ्या टोकाच्या प्लगवर असेल, मधून साधी जॅकची तार असेल, तर हा पाहुणा येतोच. दोन्ही एकाच जागेवरून वीज घ्या. मध्ये डीआय बॉक्स (कीबोर्डचा आवाज मिक्सरला घरघर न आणता पोचवणारी डबी) लावा आणि त्यावरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबून बघा. लॅपटॉप असेल तर चार्जर काढा. अर्ध्या वेळा दोषी तोच असतो. रोषणाईचे डिमर ज्या लाइनवर आहेत तिथे तुमचं काही जोडू नका.

एक गोष्ट कधीच करू नका: प्लगची जाड अर्थिंगची पिन काढून टाकणं. मांडवात कुणीतरी हमखास हा उपाय सुचवतो आणि आवाज खरंच थांबतो. त्यानंतर बिघाड झाला तर वीज माइकवाटे गायकाच्या ओठापर्यंत जाऊ शकते.

जनरेटर, पावसाळा, कोकण?

जनरेटर सुरू होताना आणि बंद होताना कीबोर्ड बंद ठेवा. छोटा यूपीएस जवळ बाळगा. दिवे गेले तरी चालू गाणं पूर्ण होतं आणि टाळ्या दुप्पट पडतात. एसी गाडीतून दमट मांडवात आणलेला कीबोर्ड लगेच चालू करू नका, आत बाष्प धरतं; अर्धा तास झाकून ठेवा. चिपळूण-रत्नागिरीकडे पावसात बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाका. किनाऱ्यावर राहणाऱ्यांच्या कीजखालचे रबरी काँटॅक्ट लवकर खराब होतात, काही कीज एकदम मोठ्याने वाजू लागतात. ते रबर बदलून मिळतं. कीबोर्ड टाकून देऊ नका.

जुना कीबोर्ड घेताना काय बघू?

प्रत्येक की हळू आणि जोरात, दोन्ही प्रकारे वाजवा. कुठलीही एक की बाकीच्यांपेक्षा वेगळी वागली की भाव पाडा. पिच बेंड सोडल्यावर सूर जागेवर येतो का ते ट्यूनरवर बघा. स्क्रीन सगळ्या कोनांतून वाचा. जुन्या वर्कस्टेशनमध्ये आत नाण्यासारखी बॅटरी असते, बहुधा सीआर-२०३२. ती संपली की मालकाने साठवलेले आवाज पुसले जातात, पण बदलायला महाग नाही. ॲडॉप्टर मूळचा आहे का बघा. नसेल तर व्होल्टेजबरोबर धनऋण टोकंही जुळतात का ते तपासा. सुटे भाग आणि दुरुस्तीसाठी मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली.

तुमच्यासारख्यांमुळे दहा वादक घरी बसले, हे खरं नाही का?

बऱ्याच अंशी खरं आहे. हा प्रश्न एका ज्येष्ठ व्हायोलिनवादकांनी विचारला होता आणि त्यांचा सूर कडवट नव्हता, म्हणून जास्त लागला.

पण गोष्ट वाटते त्याहून जुनी आहे. १९५४ च्या 'नागिन'मधली बीन आठवा. ज्या बिनेवर अजूनही लोक डुलतात, ती बीन नव्हतीच. क्लॅव्हिओलिन नावाचं छोटं इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड होतं आणि ते वाजवलं होतं कल्याणजी यांनी, जे पुढे कल्याणजी-आनंदजी म्हणून नावारूपाला आले. पुढे १९७० च्या दशकात केर्सी लॉर्ड यांच्यासारख्यांनी सिंथेसायझर आणला. १९८२ मध्ये चरणजित सिंग यांनी ज्युपिटर-८ आणि रोलँडचीच दोन ठेक्याची-बेसची यंत्रं घेऊन रागांची आख्खी तबकडी केली. तोवर यंत्र हे नवा आवाज म्हणून येत होतं, वादकांच्या शेजारी बसत होतं. १९८३ चा यामाहा डीएक्स-७, १९८८ चा कोर्ग एम-१ आले आणि निर्मात्याला कळलं की व्हायोलिनचा ताफा एका टेबलावर मावतो. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या गोव्याहून आलेल्या मंडळींनी प्रत्येक वादकासाठी हाताने नोटेशन लिहून जी भव्य रचना उभी केली होती, तिचे पीस आता आम्ही दोन हातांनी आणि दोन पायांनी वाजवतो. आमचा सगळा धंदा त्यांच्या लिखाणावर चालतो, हे मान्य करायला लाज वाटू नये.

मी माझ्यापुरता एक नियम ठेवला आहे. आयोजकाने तिसरा कीबोर्ड सुचवला की मी त्या पैशांत एक बासरीवाला किंवा एक व्हायोलिनवाला घ्या म्हणतो. एक खरं व्हायोलिन वर आणि खाली माझ्या स्ट्रिंग्ज, एवढ्याने सगळा ताफा खरा वाटू लागतो. आणि बासरीवाला बसलेला असेल तर मी बासरीचा टोन उघडत नाही, त्याला पाणी प्यायचं असलं तरी.

आता तर ट्रॅकवरच कार्यक्रम होतात. आणि एआय आलंय. तुमचं काय होणार?

आमच्या बाबतीत तेच होतंय जे आमच्यामुळे इतरांच्या बाबतीत झालं. पेन ड्राइव्हवरचा ट्रॅक चहा मागत नाही, उशिरा येत नाही, पट्टीही आता बदलून देतो. पण गायकाने कडवं विसरून पुन्हा मुखडा धरला तर ट्रॅक पुढे निघून जातो. वन्स मोअर आला की पुन्हा पहिल्यापासून. अभंगात गायक एका ओळीवर रेंगाळला तर मागे कुणीतरी रेंगाळणारं लागतं. जिथे गाणं दर वेळी तंतोतंत तसंच व्हायला हवं तिथे ट्रॅकच बरा, मी वाद घालत नाही. बाकीची कामं अजून येत आहेत, आधीपेक्षा थोडी कमी.

ऑर्केस्ट्रात काम कसं मिळतं? पैसे किती?

ओळखीने. कुणीतरी आजारी पडतं, तुम्हाला दुपारी फोन येतो, संध्याकाळी तालमीशिवाय बसायचं असतं. त्या संध्याकाळी जे नीट निभावतात त्यांना पुढचा फोन येतो. वेळेवर येणं, इस्त्रीचे कपडे, दुसऱ्याच्या पीसमध्ये न वाजवणं, एवढ्यावर माणसं टिकतात. बोटांचा वेग त्यानंतर.

आकडा सांगत नाही. गाव, मंडळ, गायकाचं नाव यावर बदलतो. सुपारी घेताना मात्र विचारून घ्या: तालमी किती आणि त्यांचे पैसे आहेत का, प्रवास कुणाचा, जेवण आहे का, आगाऊ किती. पाकीट मंच सोडायच्या आधी हातात आलं तर उत्तम. "उद्या पाठवतो" हा उद्या फार लांबचा असतो.

घरचे काय म्हणतात?

दिवाळीला मी पहाटे तीनला घराबाहेर पडतो, कारण दिवाळी पहाट. गणपतीचे दिवस दुसऱ्यांच्या मंडळांत. कोजागिरी, नवरात्र, एकतीस डिसेंबर, सगळी दुसऱ्यांची. घरच्यांनी यावर स्वतःच तोडगा काढला आहे: आमचे सण पितृपंधरवड्यात होतात. तेव्हा एकही कार्यक्रम नसतो. श्रीखंड, पुरणपोळी, पाहुणे, सगळं तेव्हा. आईला सुरुवातीला हे अजिबात पटलं नव्हतं.

पाठ आणि कान?

पाठीसाठी चाकाची पेटी घ्या आणि वाकून उचलू नका, बसून उचला. कानांबद्दल कुणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. ८५ डेसिबलला आठ तास सुरक्षित धरतात. दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० ला फक्त पंधरा मिनिटं, आणि ऑक्टोपॅडच्या मॉनिटरशेजारी १०० सहज होतात. संगीतकारांसाठीचे इअरप्लग मिळतात, त्यांत सूर नीट ऐकू येतात. कार्यक्रमानंतर कानात शिट्टी वाजत असेल तर तो मोठ्या आवाजाचा अभिमान नाही, इजा आहे.

सोसायटीच्या गणपतीत कार्यक्रम ठेवायचा आहे. तुम्हाला काय काय लागेल?

हात नसलेली एक खुर्ची. मंचावर अर्थिंग असलेले दोन प्लग, रोषणाईपासून वेगळे. कीबोर्डसाठी मिक्सरवर दोन चॅनेल आणि एक मॉनिटर, गायकाच्या मॉनिटरशिवाय वेगळा. कीबोर्डवर छत, कारण सप्टेंबरात पाऊस विचारून येत नाही. साऊंड चेकला पाऊण तास.

रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद करावे लागतात. वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकार बारापर्यंत सवलत देतं, तो दिवस तुमचाच आहे का ते पोलीस ठाण्यात विचारून ठेवा. नसेल तर साडेसहाला सुरू करा आणि भाषणं आधी उरका. बक्षीस समारंभ मध्यंतरात घालणार असाल तर दुसऱ्या भागातली तीन गाणी कमी होतील, आणि ते गायिकेला तुम्हीच सांगायचं.